डास पळवणारे घरगुती उपाय: कुठला किती वेळ टिकतो?

अंगणवेल (पुणे)

मुठेच्या काठाजवळ राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. थंडी ओसरली की नदीचं पाणी आटतं, उरलेल्या पाण्यावर जलपर्णी पसरते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवेलागणीनंतर खिडकी उघडायची सोय राहत नाही.

माझ्या चार वर्षांच्या मुलाला बालदमा आहे. कॉइल घरात लावायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. लिक्विडच्या मशीननेही त्याला खोकला सुटतो. म्हणून घरी करता येतील अशा उपायांकडे वळले. नेटवर शोधलं तर सगळीकडे तीच यादी: कापूर, लवंग, लसूण, गवती चहा, निलगिरी, तुळस, झेंडू. प्रत्येकापुढे 'डास पळून जातील' एवढं एकच वाक्य. किती वेळ पळतील, कुठल्या जातीचे पळतील, लहान मुलाच्या अंगाला चालेल का, हे कुणी लिहीत नाही. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबवर आपण हे सगळं वाचतो, मग घरच्या बाटलीला का विचारू नये?

माझ्यापासून सुरुवात करते. मी वापरते ते तेल असं: १०० मिली खोबरेल तेल आणि त्यात २ मिली निंबोळी तेल, म्हणजे २ टक्के. थेंब मोजण्यापेक्षा बिनसुईची सिरिंज बरी, कारण निंबोळी तेल दाट असतं आणि थेंबाचा आकार सारखा पडत नाही. बाटली चांगली हलवायची. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहिली. लाल झालं नाही, खाज आली नाही, मग हातापायांना आणि मानेला लावलं. घोट्यांना विसरायचं नाही, डास खालूनच येतात. चेहरा आणि मुलांचे तळहात सोडायचे, कारण हात तोंडात जातात.

संध्याकाळी लावलं की जेवणं होईपर्यंत चांगलं चालतं. पुढे डास परत घोंगावू लागतात आणि पुन्हा लावावं लागतं. वास उग्र आहे, मुलाला आवडत नाही.

तुमच्याकडे काय करतात? लिहिताना किती वेळ टिकतं तेही लिहा.

रानजाई (संगमेश्वर)

चांगला धागा. आमच्याकडे मृग लागला की गोठ्यात धुरी सुरू होते ती दिवाळीपर्यंत. तिन्हीसांजेला जुन्या घमेल्यात नारळाची सोडणं आणि शेणी पेटवायच्या. ज्वाळा बसून निखारे झाले की वर निरगुडीचा ओला पाला टाकायचा. ओलाच हवा, वाळलेला भस्सकन जळून जातो आणि धूर होत नाही. कडुनिंब आमच्या बाजूला फारसा नाही, निरगुडी मात्र प्रत्येक बांधावर. धुरी असेतोवर गुरं शांत उभी राहतात, शेपट्या आपटणं थांबतं, दूध काढायला बसता येतं. निखारे विझले की पुन्हा चालू. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर: धूर आहे तोवर.

सासूबाई तेच घमेलं पडवीतही फिरवतात. निरगुडीच्या जोडीला ऊद.

गच्चीबाग

वाचनखूण साठवली. एक विचारते. बाल्कनीत गवती चहा, तुळस आणि झेंडूच्या कुंड्या ठेवल्या तर डास येत नाहीत असं नर्सरीवाला म्हणाला. खरं आहे का?

बालवैद्य (सांगली)

अंगणवेल, तुम्ही विचारलेलं मला ओपीडीत रोज विचारलं जातं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी धुराबद्दल. रानजाई, गोठ्यात आणि उघड्यावर केलेली धुरी समजू शकतो. दम्याच्या मुलाच्या घरात मात्र ती नको. कॉइलवर २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. एक कॉइल पूर्ण जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरले. पालक हे ऐकून कॉइल बंद करतात आणि तिच्या जागी धूप, ऊद, कडुनिंबाचा पाला, कापूर जाळू लागतात. कॉइलमधून निघणाऱ्या त्या कणांचा मोठा भाग तिच्यातल्या भुश्याच्या जळण्याचा असतो. पाला जाळला तरी सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड निघणारच. श्वासनळीला सूज आहे त्या मुलाला कुठलाही धूर धुरच असतो.

आता तेलांबद्दल. घरात लहान मूल असेल तर हे लक्षात ठेवा.

कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात, आणि त्यासाठी फार मोठी मात्रा लागत नाही. कापूरवड्या दिसायला गोळ्यांसारख्या असतात. त्या रांगत्या बाळाच्या हाताला लागतील अशा ठेवू नका. डास पळावेत म्हणून उशीजवळ कापराची पुरचुंडी ठेवतात, तीही नको. दोन वर्षांखालच्या मुलांच्या नाकाजवळ कापूर, निलगिरी, पुदिन्याचं सत्त्व लावू नये, श्वास आकसतो.

निंबोळी तेल फक्त त्वचेवर. जंतासाठी म्हणून चमचाभर पाजायची पद्धत काही घरांत होती. त्यातून तान्ह्या बाळांना उलट्या, गुंगी, झटके येऊन यकृत आणि मेंदूवर परिणाम झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: पोटात घ्यायचं नाही.

दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाच्या अंगाला डासांसाठी काहीच लावू नये, घरचंही नाही आणि दुकानातलंही नाही. त्याला मच्छरदाणी.

राहिला मुद्दा वेळेचा. तुम्ही सगळे संध्याकाळचं लिहिताय. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि दुपार उतरल्यावर जास्त. झिकाही त्याचाच. महाराष्ट्रातला पहिला झिकाचा रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला, तुमच्याच जिल्ह्यात. सातला लावलेलं तेल सकाळी शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या मुलाच्या कामाचं नाही.

रसायनवाला (डोंबिवली)

सुगंधी तेलांच्या कारखान्यात आयुष्य गेलं, म्हणून 'किती वेळ' या प्रश्नावर थोडं लिहितो. हाच खरा प्रश्न आहे.

डास आपल्याला शोधतो ते श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, घामातल्या लॅक्टिक आम्लासारख्या वासांवरून आणि अंगाच्या उबेवरून. आपण तेल लावतो म्हणजे कातडीलगत दुसऱ्या वासाचा थर उभा करतो. त्यासाठी ते तेल उडायला हवं. उडालं नाही तर डासाला कळणार नाही, आणि भराभर उडालं तर अंगावर उरणार नाही. सिट्रोनेला (गवती चहाच्याच जातीच्या गवताचं सुगंधी तेल), गवती चहा, निलगिरी, पुदिना या सगळ्यांची अडचण ही दुसरी. म्हणून लावल्याबरोबर छान वाटतं आणि थोड्याच वेळात डास परत येतात.

अमेरिकेत २००२ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात याची तुलना छापून आली होती. माणसांनी डासांच्या पेटीत हात घालून वेळ मोजली. सुमारे २४ टक्के डीट, म्हणजे डास पळवणाऱ्या क्रीम-स्प्रेमधलं नेहमीचं रसायन, असलेलं उत्पादन पाच तास टिकलं. २ टक्के सोयाबीन तेलाचं मिश्रण दीड तास. सिट्रोनेलाची बहुतेक उत्पादनं वीस मिनिटांच्या आत संपली. मनगटात घालायच्या पट्ट्यांचा उपयोग जवळजवळ शून्य. सोयाबीन तेलाचा आकडा मला फार बोलका वाटतो. त्याला जवळजवळ वास नाही, तरी ते सिट्रोनेलापेक्षा कितीतरी जास्त टिकलं. न उडणाऱ्या, कातडीवर बसून राहणाऱ्या तेलाचा आधार किती महत्त्वाचा असतो ते यावरून कळतं. घरी खोबरेल तेलात मिसळण्यामागेही हेच आहे. पाण्यात चार थेंब टाकून स्प्रे मारला तर तेल वर तरंगतं, पहिल्या फवाऱ्यात पाणी आणि शेवटच्यात निव्वळ तेल येतं, आणि ते कातडी भाजतं.

गच्चीबाग, तुमचं उत्तरही यातच आहे. कुंडीतलं झाड आपलं तेल पानात धरून ठेवतं. पान चुरडल्याशिवाय ते हवेत पुरेसं येत नाही. गवती चहाचं पान चुरून हाताला चोळा, थोडा वेळ फरक पडेल. नुसती कुंडी ठेवून पडणार नाही. उलट कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलं तर डास तिथेच वाढतील.

निलगिरीबद्दल एक गोंधळ फार आहे. बाहेरच्या देशांत 'लेमन युकॅलिप्टस'चं रिपेलंट मिळतं आणि ते खरोखर चांगलं काम करतं, डीटच्या जवळपास पोचतं. पण तो वेगळा वृक्ष, लिंबासारख्या वासाचा. त्याच्या तेलावर प्रक्रिया करून पीएमडी नावाचा घटक वाढवलेला असतो, तो हळू उडतो. आपल्याकडे सर्दीला मिळणारं निलगिरी तेल म्हणजे ते नव्हे. आणि ते पीएमडीवालंही तीन वर्षांखालच्या मुलांना लावत नाहीत.

अंगणवेल (पुणे)

डॉक्टर, रसायनवाला काका, मनापासून आभार. पीएमडीबद्दल वाचलं होतं आणि आपलं निलगिरीच ते असं मी धरून चालले होते.

मग निंबोळी तेलाबद्दल सांगा ना. ते कुठे बसतं या सगळ्यात?

रसायनवाला (डोंबिवली)

निंबोळी तेल हे बियांचं स्थिर तेल आहे, गवती चहासारखं उडनशील नाही. म्हणून ते टिकतं. त्यातले गंधकाचे पदार्थ हळूहळू सुटत राहतात, तो उग्र वास त्यांचाच. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये नेमकं तुमचंच मिश्रण तपासलं होतं, खोबरेल तेलात २ टक्के निंबोळी तेल. मलेरियाच्या ॲनोफिलीस डासांपासून रात्रभर, १२ तास संरक्षण मिळाल्याचं त्यांनी नोंदवलं. मात्र सगळीकडे असाच निकाल आला नाही. इथिओपियातल्या नंतरच्या चाचणीत २० टक्के निंबोळी तेल, म्हणजे दहापट तीव्र, सरासरी ३ तास टिकलं, आणि तेही पूर्ण संरक्षण नव्हतं, साधारण ७० टक्के. दोन्ही चाचण्या ॲनोफिलीसवरच्या. तुमच्या नदीकाठी येतो तो बहुधा क्युलेक्स, घाण पाण्यात वाढणारा वेगळा डास. 'जेवणं होईपर्यंत' हा तुमचा अनुभव मला खरा वाटतो. दोन-तीन तासांनी पुन्हा लावायचं असं धरून चाला.

घाणेकरी (लातूर)

आमचा लाकडी घाणा आहे, निंबोळी तेल दरवर्षी काढतो. त्यावर सांगतो.

निंबोळ्या पिकून पडतात त्या जून-जुलैत, नेमक्या पावसात. बायका पहाटे झाडाखालून गोळा करतात. गर काढून धुतल्या आणि सावलीत लगेच वाळवल्या तर तेल चांगलं. ढिगात ओल्या राहिल्या की बुरशी धरते आणि त्या तेलाला कुबट वास येतो. चांगल्या तेलाचा वास उग्रच असतो, लसणासारखा, पण कुबट नसतो. रंग पिवळट तपकिरी. एकदम पातळ, पाण्यासारखं, वास नसलेलं 'नीम ऑइल' मिळालं तर ते दुसऱ्या तेलात कापलेलं आहे किंवा त्याचा गंध काढलेला आहे. डासांसाठी त्याचा काय उपयोग? जो वास आपल्याला नको तोच कामाचा.

शेतात फवारायला मिळतं त्यात आधीच मिसळक घातलेला असतो, ते दुधासारखं पांढरं होऊन पाण्यात मिसळतं. ते अंगाला लावू नका. लेबल वाचून घ्या.

थंडीत निंबोळी तेल गोठतं. चुलीवर तापवायचं नाही. बाटली कोमट पाण्यात उभी करायची, दहा-पंधरा मिनिटांत सुटतं. खोबरेलाचंही तेच.

तिसरा_मजला

लिक्विडच्या रिकाम्या बाटलीत निंबोळी तेल आणि कापूर भरून मशीनला लावतात, त्याचे व्हिडिओ फिरतायत. स्वस्त पडतं म्हणतात. कुणी केलंय?

रसायनवाला (डोंबिवली)

कृपया करू नका. त्या मशीनमधली वात आणि तिचं तापमान ठरावीक पातळ द्रवासाठी बनवलेलं असतं. निंबोळी तेल दाट, ते वातीत चढत नाही. वात वरून कोरडी पडते आणि करपते. कापूर सहज पेट घेणारा पदार्थ आहे, तो तापत्या वातीपाशी घट्ट होऊन साठतो. रात्रभर झोपेत चालू राहणाऱ्या उपकरणात हा खेळ नको. शिवाय बंद खोलीत रात्रभर कापराची वाफ, डॉक्टरांनी वर लिहिलंय ते पुन्हा वाचा.

वऱ्हाडी_पाहुणा (नागपूर)

आमच्याकडे मार्च ते जून कूलर. सगळे खिडकीत तेल, धूप, कापूर करत बसतात आणि मच्छर होतात ते मागच्या कूलरच्या टाकीत. अंडं ते उडणारा डास, उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कोरडी केली की साखळी तुटते. नुसतं पाणी ओतून नवीन भरलं तर होत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या कडेला भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहून महिनोन्महिने टिकतात. पुढच्या उन्हाळ्यात पाणी भरलं की त्यातून अळ्या. म्हणून काथ्याने कडा घासायच्या. वाळ्याच्या ताट्या हंगाम संपल्यावर कडक उन्हात वाळवून मगच माळ्यावर.

दुसरं, विदर्भात हत्तीरोग आहे. दरवर्षी गोळ्या वाटतात त्या त्यासाठीच, घ्यायलाच हव्यात. तो पसरवणारा क्युलेक्स घाण पाण्यातला, संडासाच्या सेप्टिक टँकमध्ये वाढतो. टँकच्या व्हेंट पाइपच्या तोंडाला बारीक नायलॉनची जाळी किंवा जुनं पातळ कापड सुतळीनं बांधून टाका. खर्च काहीच नाही. रात्री चावणारे मच्छर किती कमी होतात ते बघा. पूर्ण आळीनं केलं तर फारच. मी याला सगळ्यात मोठा घरगुती उपाय म्हणतो.

रानजाई (संगमेश्वर)

+१. आमच्याकडे पाऊस थांबला की वाडीत पोफळीच्या विऱ्या (सुपारीच्या झावळ्यांचे पसरट देठ) आणि करवंट्या उलट्या करत फिरणं हे मुलांचं काम.

डॉक्टर, धुराचं पटलं, पण एक सांगते. गोठ्यातली धुरी मी बंद करणार नाही. गुरांना दुसरं काय लावणार? माणसांच्या घरात करायची झालीच तर सगळे बाहेर अंगणात, दारं-खिडक्या लावून धुरी, मग उघडून धूर पूर्ण जाऊ द्यायचा, त्यानंतर आत. असं चालेल का?

बालवैद्य (सांगली)

गुरांसाठी जरूर करा. फक्त गोठा एका बाजूने उघडा असू द्या आणि निखाऱ्याचं घमेलं गवतापासून लांब ठेवा.

घरात तुम्ही म्हणता तसं, माणसं बाहेर असताना, दम्याचं कुणी नसेल तर. पण धूर गेला की त्याचं कामही गेलं, हे तुम्हीच वर लिहिलंय. त्यापेक्षा संध्याकाळच्या त्या दोन तासांत दारं-खिडक्या बंद ठेवणं किंवा जाळी बसवणं जास्त फळतं. आणि पंखा! डास फार दुबळा उडतो. पलंगाच्या पायथ्याकडून टेबल फॅन लावा, पायांवरून वारा जाऊ द्या. डास वाऱ्यात स्थिर राहू शकत नाही, शिवाय आपल्या श्वासाचा आणि घामाचा माग पांगतो. दम्याच्या मुलाला याचा कसलाही त्रास नाही, फक्त वारा थेट तोंडावर नको आणि पात्यांवर धूळ नको.

दादरकर

विहिरी, टाक्या आणि मुंबई हा जुना विषय. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाच्या कारणांवर अहवाल दिला. फोर्टसारख्या दाट वस्तीत दलदल नव्हती, तरी मलेरिया होता. तो येत होता घरांच्या आवारातल्या विहिरींमधून, तिथे ॲनोफिलीस स्टीफेन्सी वाढत होता. विहिरी झाकायचा प्रश्न आला तेव्हा पारशी समाजातून विरोध झाला, कारण विहिरीचं पाणी त्यांच्या धर्माचरणाचा भाग. शेवटी काही विहिरी बंद झाल्या, काहींवर झाकणं आणि जाळ्या आल्या.

तोच डास आज गच्चीवरच्या टाकीत आहे. आमच्या सोसायटीत पालिकेच्या कीटकनाशक विभागाचा माणूस आला की सगळे कुरकुरतात. टाकीचं झाकण घट्ट नसेल, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी नसेल तर नोटीस येते, आणि ती यायलाच हवी. शंभर घरांनी अंगाला तेल चोळायचं आणि वर टाकीचं झाकण उघडं, याला काय अर्थ आहे? सोसायटीच्या सभेत हा विषय पार्किंगच्या आधी घ्या.

मांडवीकाठ (पणजी)

गोव्यातही हेच. बांधकामाच्या जागी साचलेलं पाणी, लिफ्टचे खड्डे, स्लॅब पक्का व्हावा म्हणून त्यावर भरून ठेवलेलं पाणी. शेजारी इमारत उठत असेल तर ठेकेदाराला जाऊन सांगा. आमच्या वाड्यावर लोकांनी मिळून सांगितलं तेव्हाच फरक पडला.

गप्पी माशांचं कुणी लिहिलं नाही. वापरात नसलेल्या विहिरीत, बागेतल्या हौदात ते उत्तम काम करतात, आरोग्य खात्याकडे मागितले की मिळतात. ओढ्यात, तळ्यात मात्र सोडू नयेत. मासा बाहेरचा, तो आपल्या देशी माशांना हुसकावतो.

गच्चीबाग

ताटल्या आजच काढल्या. मनीप्लांटच्या बाटलीतही अळ्या होत्या! फ्रिजच्या मागचा ट्रे बघा असं कुणीतरी म्हणालं होतं, तोही बघते.

लिंबात लवंगा टोचून ठेवतात त्याचं काय? आणि लसूण खाल्ला तर डास चावत नाहीत म्हणे?

रसायनवाला (डोंबिवली)

लवंगेच्या तेलात दम आहे. त्यातलं युजेनॉल डासांना नकोसं असतं आणि तीव्र लवंग तेलाने काही चाचण्यांत इतर सुगंधी तेलांपेक्षा चांगला वेळ दिला. पण ती तीव्रता कातडीला सोसत नाही, आग होते. लिंबात टोचलेल्या लवंगा खोलीला वास देतील, इतकंच. लसूण किंवा ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या खाऊन फरक पडल्याचं तपासण्यांत दिसलेलं नाही. मोबाइलमधल्या आवाजाच्या ॲपचंही तसंच.

लिंबू, संत्र्याच्या सालीचं तेल अंगाला लावून उन्हात जाऊ नका. कातडीवर काळे डाग पडतात, फोडही येतात.

अंगणवेल (पुणे)

मग शाळेचं काय करू? सकाळी पावणेआठला बस, दीडला परत. दोन-तीन तासांत तेल पुन्हा लावायला शाळेत कोण आहे?

बालवैद्य (सांगली)

इथे घरगुती तेलाचा आग्रह सोडा असं मी स्पष्ट सांगेन. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत, डेंग्यूची साथ असताना, शाळेच्या वेळेत टिकणारं नोंदणीकृत क्रीम वापरा. दोन महिन्यांवरच्या मुलांना डीट योग्य प्रमाणात, ३० टक्क्यांपर्यंत, चालतं. ते १९५७ पासून लोकांच्या वापरात आहे. दमा आहे म्हणून स्प्रे नको, क्रीम घ्या, आणि तुम्ही आपल्या हाताने लावा. घरी आला की साबणाने धुऊन टाका. पूर्ण बाह्यांचा फिक्या रंगाचा शर्ट, लांब पँट, मोजे. गडद रंगावर डास जास्त येतात.

शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी बोला. मागच्या अंगणातले टायर, मोडके बाक, पिण्याच्या पाण्याच्या टाकीचं झाकण. पालकांनी विचारलं की हलतं.

आणि ताप आला तर घरी काढे करत थांबू नका. डोळ्यांच्या मागे दुखणं, अंगदुखी, पुरळ असेल तर लगेच दाखवा. तोवर पॅरासिटामॉलशिवाय तापाची दुसरी गोळी देऊ नका. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन डेंग्यूत रक्तस्राव वाढवतात. ताप उतरल्यावर मूल मलूल असेल, सतत उलट्या होत असतील किंवा पोट दुखत असेल तर ती जास्त धोक्याची वेळ आहे. ताप गेला म्हणून निश्चिंत राहू नका.

जांभुळवन (गडचिरोली)

तुमची चर्चा वाचली. मी इथे आरोग्यसेविका आहे. आमच्या भागात मलेरिया आहे, फाल्सिपेरम, डोक्यात जाणारा. इथे लोक करंजाचं तेल अंगाला लावतात, मोहाच्या ढेपेचा धूर करतात, रात्री शेकोटीपाशी झोपतात. त्याने थोडं थांबतं. पण ॲनोफिलीस रात्रभर चावतो, मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंतही. तेव्हा शेकोटी विझलेली असते आणि तेल पुसलेलं असतं.

झोपलेल्या माणसाचं रक्षण मच्छरदाणी करते, ती झोपत नाही. सरकारकडून मिळते ती औषधयुक्त असते, डास तिच्यावर बसला की मरतो, म्हणून तिला एखादं भोक पडलं तरी ती कामाची राहते. साधी मच्छरदाणी असेल तर भोकं शिवायची आणि कडा गादीखाली खोचायच्या. तिला लागून हात-पाय झोपेत टेकले तर बाहेरून चावतो, म्हणून थोडी रुंद घ्यायची. बाळंतीण, गरोदर बाई आणि लहान मुलं आधी आत. शेतात राखणीला किंवा तेंदूपत्त्याला जंगलात मुक्काम असेल तर ती बरोबर न्यायला सांगते. सांगूनही लोक घरी ठेवतात, मासे धरायला वापरतात, मला याचं फार वाईट वाटतं. मागच्या पावसाळ्यात आमच्या एका पाड्यावरचं पोर गेलं. घरात मच्छरदाणी होती, पेटीत घडी घालून ठेवलेली.

तुम्ही शहरातले लोक तेलं करा, पण रात्रीसाठी मच्छरदाणी लावा एवढी विनंती.

रानजाई (संगमेश्वर)

ताई, वाचून काळजात कालवलं. तुमचं काम मोठं आहे.

अंगणवेल (पुणे)

ताई, नमस्कार. आमच्या घरात मच्छरदाणी होती, उकडतं म्हणून काढून ठेवली होती. आज पुन्हा बांधली. डॉक्टरांनी सांगितला तसा पायथ्याकडून पंखाही लावला. वाराही आत येतो.

तुमच्याकडे मिळते तशी औषधयुक्त मच्छरदाणी माझ्या मावशीलाही मिळाली आहे, ती चंद्रपूरला असते. ती धुवायची कशी? औषध निघून जाणार नाही का? मावशी दर महिन्याला सोड्याच्या पाण्यात भिजवते.

जांभुळवन (गडचिरोली)

सोडा नको, ब्लीचही नको, गरम पाणीही नको. औषध धाग्यातच मुरवलेलं असतं, म्हणून हलक्या हाताने धुतलं तर बरीच वर्षं टिकतं. साधारण २० धुण्यांचा हिशोब धरतात, म्हणजे तीनेक वर्षं. दर महिन्याला धुतली तर दोन वर्षांतच संपेल. तीन महिन्यांतून एकदा पुरे, तेही मळली असेल तर. थंड पाणी, अंगाचा साधा साबण, घासायचं नाही, पिळायचं नाही. धुतलेलं पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, मासे मरतात. घरापासून लांब खड्ड्यात जिरवा. वाळवायची सावलीत, उन्हाने औषध उतरतं. नवीन मच्छरदाणी पाकिटातून काढली की आधी एक दिवस सावलीत टांगून ठेवा, म्हणजे पहिल्या रात्री चेहऱ्याला चुरचुरत नाही. मावशींना फोन करून सांगा.